आमच्या गावात विमान पडलं नाही

हुबळीला गोकुळ रोडच्या पलीकडे धावपट्टी सुरू झाली, तेव्हा मी तिथल्या आगीच्या बंबावर नोकरीला लागलो. विमानतळ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे जे येतं त्यातलं तिथं फारसं काही नव्हतं. एक बैठी कचेरी, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी, आमचा लाल बंब आणि चहूकडे काळी जमीन. विमान कधी आठवड्यातून दोनतीनदा यायचं, कधी महिनोन्‌महिने यायचंच नाही. ते यायच्या आधी जीप घेऊन धावपट्टीवरची शेळ्या-कुत्री हाकलून यायची, हेच आमचं मुख्य काम. बंबावरच्या माणसाची नोकरी तशी विचित्र. काही घडू नये म्हणून त्याला ठेवलेलं असतं, आणि काही घडलं नाही की लोक विचारतात, तुम्ही दिवसभर करता तरी काय?

तरी अधूनमधून काही ना काही घडायचं. एकदा एक लहानसं शिकाऊ विमान वाऱ्यानं बाजूला ढकललं गेलं आणि त्याची चाकं काळ्या मातीत रुतली. आम्ही घंटा बडवत पोचलो तर वैमानिक पंखावर बसून बुटांचा चिखल खरवडत होता. दुसऱ्या एका वेळी घार काचेवर आदळली आणि एका माणसाच्या कपाळाला टाके पडले. मी जुन्या हुबळीत भाड्याच्या खोलीत राहत होतो. तिथल्या गल्लीत ही बातमी पोचेपर्यंत निदान चार माणसं दगावलेली असायची. कुणी मेलं नाही असं मी सांगितलं की खालच्या टेलरचा चेहरा उतरायचा. मला त्याचा राग यायचा. विमान पडल्याच्या गोष्टी लोकांना आवडतात, कारण पडलेल्या विमानात त्यांचं कुणी नसतं.

खरं तर एक गोष्ट मला माहीत होती, आणि ती मी कधीच कुणाला सांगितली नव्हती.

माझं गाव अळनावरच्या बाजूला, रानाला लागून. भात, थोडा ऊस, बाकी जंगल. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत, मी जन्मायच्या दोनेक वर्षं आधी, ऐन पावसाळ्यात गावामागच्या रानात एक विमान पडलं. त्याच्या थोडं आधी गावात दवंडी पिटलेली होती की शत्रूची विमानं येतील, आभाळातून कुणी अनोळखी माणूस उतरला तर जवळ जाऊ नका, वर्दी द्या. त्यामुळे गावातली माणसं काठ्या-कोयते घेऊन गेली आणि लांब बांधावर उभी राहिली. पुढे आत बसलेला माणूस मेला. गावानं त्याला तिथंच ऐनाच्या झाडाखाली अग्नी दिला, राख ओढ्यात सोडली. विमानाचा पत्रा मात्र गावात आला. अंगावरचा पाऊस झटकावा इतक्या सहज तो घरोघर वाटला गेला. कुणाच्या गोठ्याला तो लागला, कुणाच्या चुलीमागे. आमच्या दुधाच्या भांड्यावरचं झाकण त्यातलंच होतं. उरलेला सांगाडा ओढून घळीत लोटला, त्यावर दगडमाती टाकली.

आठ दिवसांनी फौजदार आला. आता पत्रा घेतलेला, पोलिसांना न कळवता प्रेत जाळलेलं. गावानं कानांवर हात ठेवले. आमच्या गावात विमान पडलं नाही, असं गौडा, म्हणजे आमचा पाटील, म्हणाला आणि सगळ्यांनी माना हलवल्या. फौजदारासमोर एकदा नाही म्हटलं की ते कायमचं नाहीच, अशी आमच्याकडची रीत. लग्नात भांडणारे भाऊ, बांधावरून डोकी फोडणारे शेजारी, सगळ्यांचं या एका बाबतीत मात्र एकमत. आम्हां पोरांनाही ते वाक्य शिकवलेलं होतं. वर्षानुवर्षं कुणी विचारायला आलं नाही, तरी ते आमच्या तोंडात तयार असायचं.

नोकरीला लागून दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा आमच्या साहेबांनी एक पत्र माझ्यापुढे टाकलं. ‘निम्म ऊर कडेद्द नोडप्पा,’ ते म्हणाले, तुझ्या गावाकडचं आहे बघ. पत्र पुण्याच्या एका शिक्षिकेचं होतं. तिचे पती महायुद्धात वैमानिक होते, या भागातून जाताना त्यांचं विमान बेपत्ता झालं, आसपास कुठं विमान पडल्याची माहिती असल्यास कळवावी. साहेबांना त्या रानातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी सांगितलं, गावी जाशील तेव्हा चौकशी कर आणि तूच मराठीत दोन ओळी लिहून टाक. मी गावी गेलो नाही, कुणाला विचारलं नाही. त्याच दुपारी सुरेख अक्षरात लिहिलं की अळनावरच्या परिसरात आजतागायत एकही विमान पडलेलं नाही. अक्षराबद्दल शाळेत मला बक्षीस मिळालं होतं.

पाचसहा वर्षं गेली. मी ते पत्र विसरलो म्हणणं खोटं होईल, पण त्याचा त्रासही करून घेतला नाही. मग ऐंशी साल उलटल्यावर एक दिवस त्या बाईच कचेरीत आल्या. साठीच्या आसपासच्या, फिकट सुती साडी, हातात कापडी पिशवी, आणि कपाळावर ठसठशीत कुंकू. ते कुंकू बघून मी समोरचे कागद उगाच सारखे करू लागलो.

साहेबांनी त्यांना माझ्यासमोर बसवलं. त्यांनी पिशवीतून पत्रांचा गठ्ठा काढला. कुठल्या कुठल्या कचेऱ्यांची उत्तरं होती. शांतपणे, वर्गात धडा समजावून सांगावा तसं त्या बोलल्या. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. बेपत्ता अशी तार आली. सासरचे म्हणाले, प्रेत नाही तर दिवस कसले घालायचे? सासूबाई मरेपर्यंत संक्रांतीला बाईंच्या कपाळावर स्वतः कुंकू लावत राहिल्या. माहेरचे दुसऱ्या लग्नाचं बोलले तर सासरे म्हणाले, नवरा असलेल्या बाईचं दुसरं लग्न कसं करता?

‘मला कुणी विधवा म्हणेना आणि सवाष्णही मनापासून म्हणेना,’ त्या म्हणाल्या. ‘मला फक्त एकदा कुणीतरी सांगायला हवं आहे. गेले म्हणून. म्हणजे मी हे पुसेन आणि मोकळी होईन.’

मी विचारलं, इतक्या ठिकाणांहून नाही असंच उत्तर आलं, मग तुम्ही इथंच कशा आलात? त्यांनी माझंच पत्र वर काढलं.

‘बाकी सगळ्यांनी लिहिलंय, आमच्या दप्तरात नोंद आढळत नाही. एकट्या या पत्रात लिहिलंय की आजतागायत एकही विमान पडलेलं नाही. इतकं खात्रीनं कोण सांगतं? ज्याला माहीत असतं तोच. पस्तीस वर्षं मुलांना शिकवलंय मी. वर्गात काच फुटली की, मी फोडली नाही असं न विचारता कोण सांगतं, ते मला कळतं.’

मला लाज वाटली. त्याच क्षणी सांगून टाकायला हवं होतं. पण मी म्हणालो, माझं गाव तिकडंच आहे, उद्या सुट्टी टाकतो, आपण गावात विचारून बघू. भित्रा माणूस नेहमी दुसऱ्या कुणालातरी विचारून बघतो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं आम्ही अळनावरला उतरलो आणि तिथून गावच्या बसगाडीनं घरी गेलो. अप्पा, माझे वडील, ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. पाहुणी कोण आणि कशासाठी आली आहे हे मी सांगितलं. अप्पांचा अडकित्ता थांबला, मग पुन्हा चालू झाला.

‘आमच्या गावात ईमान पडलं न्हाई बाई,’ ते म्हणाले.

बातमी गावात पसरली असावी. दोघंतिघं म्हातारे काही निमित्त काढून आले, ओसरीच्या कडेला टेकले आणि एकेकानं तेच वाक्य म्हटलं. एकजण तर म्हणाला, ह्या रानावरून ईमान जातच न्हाई. तेवढ्यात त्याचं त्यालाच जास्त झालं असं वाटलं असावं, कारण तो लगेच उठून गेला. बाई प्रत्येकाचं ऐकून घेत होत्या. मी खाली मान घालून बसलो होतो. माझ्या मनात एकच विचार होता, दोनची गाडी मिळू दे आणि हे संपू दे.

आई आतबाहेर करत होती. तिनं चहा दिला, पोहे दिले, पण बोलली नाही. ती एरवी पाहुण्यांना बोलून हैराण करायची. बाईंनी चहा पिताना तिला विचारलं, तुमचं माहेर कुठलं, तर तिनं नुसता हात करून दिशा दाखवली.

गाडीची वेळ होत आली. अप्पांना पाहुणीला वाटेला लावायची घाई झाली होती. ‘अगे,’ त्यांनी आत हाक मारली, ‘अक्कांस्नी कुंकू लाव की. गाडी यूलालीय.’

सवाष्ण पाहुणी कुंकवाशिवाय दारातून जात नाही. आई करंडा आणि खण-नारळ ठेवलेलं ताट घेऊन बाहेर आली. बाई उठून उभ्या राहिल्या आणि सवयीनं त्यांनी मान किंचित पुढे केली. आईनं हळद लावली. मग कुंकवात बोट बुडवलं, हात वर नेला, आणि कपाळापासून वीतभर अंतरावर तो थांबला. मला वाटलं, तिला चक्कर आली. ती हाताकडे बघत होती. बोटाला कुंकू तर नीट लागलेलं होतं.

‘माझ्या हातानं न्हाई व्हायचं हे,’ आई म्हणाली.

‘अगे, गप!’ अप्पा ओरडले.

‘अडतीस वर्सं गपच हाय. आता ह्यांच्या कपाळाला हात लावून खोटं करू?’

बाईंनी आईच्या हातातलं ताट काढून घेतलं, खाली ठेवलं आणि तिला धरून बसवलं. कोण कुणाला सावरत होतं हे मला सांगता येणार नाही. मग बाईंनी अगदी साध्या आवाजात विचारलं, ‘तुम्ही पाहिलंत त्यांना?’

पुढचं जे आई बोलली ते मीही पहिल्यांदाच ऐकत होतो. ती तेव्हा नवीनच लग्न होऊन आलेली. पुरुष बांधावर उभे होते, कुणी पुढे जाईना. शत्रूचा माणूस म्हणून सगळे बघत राहिले. आतला माणूस हात हलवत होता, काही ओरडत होता, पण जाळाच्या आणि पावसाच्या आवाजात कळत नव्हतं. बराच वेळ गेला. आवाज बारीक झाला. बायका मागे होत्या, त्यात आई. वारा इकडे वळला तेव्हा तिला ऐकू आलं. तो माणूस पाणी मागत होता, आपल्या मराठीत.

‘मी पळत गेलो अक्का,’ आई म्हणाली. आमच्याकडे बायकाही असंच बोलतात. ‘वंजळीनं पाणी पाजवलं. दोन घोट घेतलं. मग ह्यांनी समद्यांनी मिळून भायेर काढलं, पण तवर संपलं व्हतं.’

‘भाजले होते?’

‘पाय. तोंड चांगलं व्हतं. गोरं, मिशी बारीक.’

बाईंनी मान हलवली. मिशी तशीच होती, असं त्या म्हणाल्या. अप्पा अडकित्ता हातात धरून भिंतीकडे बघत बसले होते. मी त्यांना रडताना पाहिलेलं नव्हतं आणि त्या दिवशीही पाहिलं नाही, फक्त त्यांची हनुवटी हलत होती.

‘खिशात एक कागद व्हता,’ आई म्हणाली. ‘लिव्हलेला. तुमचाच असंल. वाचाय कुणाला येत न्हवतं. वाचणारा म्हंजे अळनावरात, टेसनावरचा मास्तर. तिकडं न्यायला कुणाचा धीर झाला न्हाई. तसाच सरणात संगट घातला.’

दोनची गाडी गेली. बाईंनी ती जागा बघितली. तिथं बघण्यासारखं काहीच नव्हतं, झाडसुद्धा कुणीतरी केव्हाच तोडलेलं. परत येऊन त्यांनी आईला विचारलं, आंघोळीला पाणी मिळेल का? कुणी गेल्याचं कानावर आलं की आंघोळ करायची असते. आई चुलीकडे वळली, मग तिच्या लक्षात आलं की ही आंघोळ ऊन पाण्याची नव्हे. ती कळशी घेऊन विहिरीवर गेली. बाई न्हाऊन आल्या तेव्हा त्यांचं कपाळ स्वच्छ होतं. कुंकवाच्या जागी कातडी फिकट दिसत होती. त्यांनी आमच्याकडे आमटीभात खाल्ला, आईचे दोन्ही हात हातात घेतले, आणि पाच वाजता निघाल्या.

मी पिशवी घेऊन फाट्यापर्यंत बरोबर गेलो. तिथं पोचल्यावर म्हणालो, ते पत्र मी लिहायला नको होतं, मला माफ करा.

‘तुमचं पत्र फार उशिराचं हो,’ त्या म्हणाल्या. ‘त्यानं आता काय बिघडणार होतं?’ मग त्यांनी विचारलं, ‘तो वाचणारा मास्तर होता ते अळनावरचं स्टेशन इथून किती लांब आहे?’

‘तीन कोस.’

‘तीन कोस,’ त्या म्हणाल्या. गाडी येताना दिसली तशी त्यांनी माझ्या हातातून पिशवी घेतली. ‘मी तेव्हा एकवीस वर्षांची होते.’