जहाजाबरोबर बुडालेला माणूस

ती घटना आठवली की मला आजही हसू फुटतं. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता आणि मी जळगाव जामोदला ठाणेदार होतो.

एका कोतवालाने खबर आणली. त्याच्या गावचा एक गडी मुंबईला खलाशी झाला होता. त्याचं जहाज समुद्रात नाहीसं झालं, घरच्यांनी दिवसही घातले. आता संग्रामपूरच्या बाजारात एक दाढीवाला त्याचंच नाव सांगत होता आणि त्याच्या बायकोची चौकशी करत होता. विधवेचं शेत बळकावायला आलेला तोतया असावा, म्हणून मी त्याला ठाण्यात आणवलं.

"भर समुद्रात पांढऱ्या लुगड्यातली बाई उभी राह्यली, साहेब," तो म्हणाला. "तिनं हाक मारली अन् सारं जहाज गिळलं."

शेताचा बांध, बैलांची नावं, सगळं त्याने बिनचूक सांगितलं. बाईची गोष्ट मात्र सोडेना. पहाऱ्यावरच्या शिपायाने तर हात जोडले.

ओळख पटवायला बायकोला बोलावलं. दाराआडून तिने सगळं ऐकलं, आत आली, त्याला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "काऊन हो, तिनं सारं जहाज गिळलं, मंग तुमालेच काऊन थुकलं?"

शिपाई फिस्सकन हसला. गड्याने मान खाली घातली.

"मी जहाजात नव्हतोच. तळात सुटं धान्य ओतून राह्यले होते, मधात फळ्या नाही. सुटी सरकी भरलेली गाडी उतारावर कशी कलंडते, मले मालूम आहे. मुकादमाले सांगतलं, तो हसला. मी गुपचूप उतरलो. बाकीचे गेले, साहेब. भ्याला म्हणून गाव हसलं असतं."

मी मुंबईच्या बंदरावर विचारणा केली. तो उतरल्याचं धक्क्यावरच्या एका हमालाने सांगितलं. तिथल्या जाणत्या कप्तानाने कळवलं, की वादळात जहाज कललं की सुटं धान्य एका बाजूला घसरतं. मग ते सावरत नाही. मदत मागायलाही वेळ मिळत नाही. मागे काही उरत नाही, म्हणून गोष्टी उरतात.

गुन्हा नव्हताच. दोघांना घरी जाऊ दिलं. ती वाटेत बांगड्यांच्या दुकानापाशी थांबली आणि तो मुकाट्याने शेजारी उभा राहिला.

नोकरीत पुढे पुष्कळ जबान्या घेतल्या. भुताला भ्यालो हे माणूस चारचौघांत सांगतो. धोका ओळखून वेळीच मागे फिरलो, हे सांगायची मात्र त्याला लाज वाटते.