ठिबकच्या नळीचं बंपर

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आमच्या गावच्या नानांचे. बापाला पटवून त्यांनीच मला इंजिनिअरिंगला धाडलं. धुळ्यात नोकरी लागल्यावर मी रिमोटवर चालणारा खेळण्यातला ट्रक घेतला आणि मित्रांशी नांगरटीत शर्यत ठरवली. मजबुतीसाठी पुढे लोखंडी पट्टी ठोकली. सरावात पहिल्याच ढेकळाला पट्टी शाबूत राहिली, चाकाचा दांडा मात्र मोडला.

नवा दांडा बसवून ट्रक गावी नेला. नाना हसले. “इंजिनेर, पुढचं थोडं लवू दे ना! नाहीतर धक्का कुठी जाईन?” त्यांनी पट्टी काढून केळीतली जुनी ठिबकची नळी वाकवून बांधली.

शर्यतीनंतर मी लिहिलं:

“नाना, आपला ट्रक रखडत, पण स्वतःच्या चाकांवर पोचला. बाकीच्यांचे ट्रक मोडून पिशव्यांत भरून घरी गेले. मित्रांसाठी दोन हात नळी पाठवा.

तुमचा इंजिनेर.”