चौदाव्या होलवरचे सात

त्या वर्षी मी इतका थकलो होतो की शनिवारी सकाळी बूट घालायला बसलो की तिथेच आडवं व्हावंसं वाटे. आठवडाभर सर्जरीत, म्हणजे माझ्या दवाखान्यात, लोकांचे खोकले नि कंबरा तपासायच्या, आणि शनिवारी चार तास वाऱ्यात एका पांढऱ्या चेंडूमागे पाय ओढत हिंडायचं. बायको म्हणायची, "अहो, एवढा जीव जातो तर जाता कशाला? वीकेंडला जरा रेस्ट घ्या ना." व्यायाम होतो, असं मी सांगत असे. खरं म्हणजे ते वाट बघत असायचे, म्हणून मी जात होतो.

ते म्हणजे क्लाइड नदीकाठच्या जहाजांच्या कारखान्यातले निवृत्त ड्राफ्ट्समन. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे. ग्लासगोबाहेरच्या या गावात मी जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, म्हणून आलो, तेव्हा पहिल्या हिवाळ्यात त्यांच्या बायकोच्या आजारपणात त्यांची नि माझी ओळख झाली. ती गेल्यावर महिन्याभराने ते सर्जरीत आले आणि म्हणाले, "डॉक्टर, तुला गोल्फ येतो का?" येत नव्हता. "बरं झालं," ते म्हणाले, "मला शिकवायला कोणीतरी हवंच होतं."

क्लब शंभर वर्षांहून जुना. जेवणघराच्या भिंतींवर काळपट लाकडी पाट्या, त्यांवर सोनेरी अक्षरांत कप जिंकणाऱ्यांची नावं. आजोबा, बाप आणि नातू अशी एकाच घरातली तीन-तीन नावं सापडत. आपल्याकडच्या नावासारखं एकही नव्हतं. सभासद व्हायला कोणीतरी शब्द टाकावा लागे. तो त्यांनी टाकला. टाय कुठे लावायचा, टोपी कुठे काढायची, कप्तानाच्या तसबिरीखालच्या खुर्चीत का बसायचं नाही, सगळं त्यांनीच शिकवलं. आणि मुख्य गोष्ट ही की या खेळात पंच नसतो. आपले फटके आपण मोजायचे, जितके कमी तितकं चांगलं, आणि कार्डावर ते लिहायचे मात्र दुसऱ्याने. त्यांचं कार्ड माझ्या खिशात, माझं त्यांच्या. शेवटी दोघांच्या सह्या. सही म्हणजे मी पाहिलं, मी मोजलं, हे खरं आहे.

त्या एप्रिलमध्ये एका होलवर, म्हणजे चेंडू एका खळग्यात घालेपर्यंत, त्यांनी सहा फटके मारले आणि म्हणाले, "पाच." मी पाच लिहिले. म्हटलं, आपलंच चुकलं असेल. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. मे महिन्यात एकदा ते चेंडू मारून झाल्यावर त्याच जागी दुसरा चेंडू ठेवायला लागले, जणू पहिला मारलाच नव्हता. मी हसून त्यांचा हात धरला, तेही हसले.

मी डॉक्टर आहे. हे काय असू शकतं ते मला समजत नव्हतं असं नाही. पण ज्या घरात मी वाढलो तिथे वडील एखादी गोष्ट सांगताना गावाचं नाव चुकले, तरी आम्ही भावंडं माना डोलवायचो. मोठ्यांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हे अंगात इतकं मुरलेलं की त्याला मी चांगुलपणाच समजत होतो. शिवाय कंटाळाही होता, तो लपवण्यात अर्थ नाही. दिवसभर लोकांना वाईट बातम्या सांगून झाल्यावर शनिवारी तरी ते काम नको वाटे.

बायकोला मी हे सांगितलं तेव्हा ती भाजी चिरायची थांबली. "पेशंटला तोंडावर सांगता ना, वजन कमी करा, सिगरेट सोडा? मग यांना सांगायला काय होतं? भीड भिकेची बहीण असते, अहो." तिचं बरोबर होतं, म्हणून मला राग आला आणि मी टीव्ही लावला.

सप्टेंबरात ज्येष्ठांच्या कपाची स्पर्धा होती. आमच्यासोबत तिसरा होता एक निवृत्त बँकवाला. चौदाव्या होलवर त्यांचा चेंडू काटेरी झुडपात गेला. तो बाहेर काढायलाच तीन फटके लागले. सगळे मिळून सात झाले. झेंड्याजवळून परतताना ते म्हणाले, "पाच." बँकवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी पाच लिहिले. शेवटी सहीही केली.

आणि ते एका फटक्याने जिंकले.

टाळ्या झाल्या. लोकांनी पाठ थोपटली. मी कपडे बदलायच्या खोलीत गेलो तर बँकवाला मागोमाग आला. "सात होते," तो म्हणाला. "तुलाही माहीत आहे. पन्नास वर्षं सभासद असलेला माणूस आणि कपासाठी लबाडी." क्लबात माणसाला दारुडा म्हटलेलं चालतं, बायको सोडलेला म्हटलेलं चालतं, लबाड म्हटलं की संपलं. "ते लबाड नाहीत," मी म्हणालो. आणि खरं काय ते न सांगता बूट काढायला लागलो. मला माझीच किळस आली.

ते बाहेर बाकावर एकटे बसले होते, कप मांडीवर. ऊन होतं. मी शेजारी बसलो आणि एकदाचं सांगून टाकलं, "चौदाव्यावर सात होते."

"तू मोजलेस?"

"हो."

"आणि याआधी?"

मी सांगितलं. एप्रिलपासूनचं सगळं, आठवेल तेवढं. ते रागावतील असं वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते कपाच्या काठावरून बोट फिरवत राहिले.

"मला मोजता येईनासं झालंय, हे हिवाळ्यातच माझ्या लक्षात आलं होतं," ते म्हणाले. "घरी चहात दोनदा साखर घालायचो. मुलीला सांगण्याआधी खात्री हवी होती. म्हणून क्लबच्या सेक्रेटरीला सांगून दर शनिवारी माझं कार्ड तुझ्याकडेच ठेवायला लावलं. म्हटलं, चूक झाली तर डॉक्टर बोलेलच. तू काही बोलला नाहीस. मला वाटलं, मी ठीक आहे."

मी माफी मागितली. त्यांनी ती ऐकली की नाही कोण जाणे. ते उठले, "चल," म्हणाले, आणि आम्ही क्लबच्या कप्तानाकडे गेलो. आपलेच आकडे चुकले, असं ते सांगू लागले. त्यांना मध्येच थांबवून मी म्हणालो की मला सात माहीत होते आणि मी पाच लिहिले. बँकवालाही तिथे होता. त्याने मान खाली घातली. कप दुसऱ्या नंबरच्या माणसाकडे गेला. मला वर्षभर स्पर्धेत खेळायला बंदी झाली. ती कमीच होती.

मी त्यांना गाडीतून घरी सोडायला निघालो. वाटेत त्यांनी विचारलं, "यावर काही औषध असतं का?"

"बरं करणारं नाही. सांभाळून धरणारं असतं, काही जणांना काही काळ. लवकर सुरू केलं तर जास्त उपयोग होतो."

"लवकर म्हणजे केव्हा?"

रस्त्यावरची नजर न काढता मी म्हणालो, "एप्रिलमध्ये."