दादाची पालकसभा

पालकसभा मनापासून आवडणारा माणूस या पृथ्वीतलावर एकच जन्माला आला, तो विठ्ठलवाडीला राहतो आणि तो माझा मावसभाऊ आहे. बाकीचे पालक सभेला जातात ते दातांच्या डॉक्टरकडे जावं तसे, म्हणजे अगदीच इलाज उरला नाही की, आणि शक्यतो बायकोला पुढे करून. दादा आदल्या दिवशी शर्टाला इस्त्री करतो. बसायला पहिला बाक धरतो. सभा संपत आली, बाईंनी ‘काही शंका?’ असं नुसतं रीत म्हणून विचारलं आणि सगळ्यांचे हात पिशव्यांकडे गेले, की याचा हात वर. प्रश्न वर्षानुवर्षं तोच. “बाई, आमची सानिका वर्गात हसते का?” एका बाईंनी गणितातले मार्क सांगायला सुरुवात केली, तर म्हणाला, “मार्क प्रगतिपुस्तकात दिसतात मला. हसते का, ते त्यात लिहिलेलं नसतं.” मागच्या बाकांवरून जे उसासे ऐकू आले, ते त्याने सहमतीचे समजले.

मी आणि दादा कोपरीतल्या एकाच ऑफिसात, हिशेबाच्या एकाच विभागात. शाळा मात्र कल्याणला, आणि सभा कायम कामाच्या दिवशी, भर दुपारी. शाळेचा असा समज असावा, की मुलं झाली की माणसाची नोकरी आपोआप सुटते. लोक अशा वेळी आजीला आजारी पाडतात, गॅसवाल्याला घरी बोलावतात. दादाला खोटं बोलता येत नाही. तो साहेबांसमोर उभा राहून सरळ सांगायचा, “साहेब, उद्या पालकसभा आहे. जाऊन येतो.”

“अरे, मिसेसना पाठव की.”

“ती नर्स आहे साहेब. ती निघाली तर पेशंटचं काहीतरी होईल. मी निघालो तर फार तर बिलाचं होईल.”

बरं, सरळ हाफ डे टाकावा, तर तेही नाही. सकाळी ऑफिसला यायचं, काम उरकायचं, मग स्कूटर काढून शीळफाट्यावरून कल्याण, आणि सभा आटोपली की त्याच वाटेने परत. संध्याकाळी गेलेल्या वेळाची भरपाई करत एकटाच बसायचा. “शीळफाट्याला ट्रॅफिक होतं का रे?” असं विचारलं, की शांतपणे म्हणायचा, “होतं. आमच्याआधीपासून होतं.”

सानिका घरात चुरुचुरु बोलणारी, पण शाळेच्या दारात पाऊल टाकलं की गप्प. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायची. ती सहावीत असताना दादा एकदा सभेहून पेढे घेऊन ऑफिसात आला. बाई म्हणाल्या होत्या, सानिका वर्गात इतकी बोलते की तिला जागा बदलून बसवावं लागलं. साहेबांनीही पेढा घेतला. तक्रारीबद्दल पेढे वाटणारा बाप त्यांनी तरी कुठे पाहिला असणार! घरी सानिकाने पेढा खाल्ला आणि म्हणाली, “बाबा, तुम्ही ब तुकडीत बसलेलात. तिथे पण एक सानिका आहे.”

दादा त्या दिवशी जेवला नाही, असं वहिनी सांगते. पण दुसऱ्या दिवशी त्याने त्या दुसऱ्या सानिकाचे वडील शोधून काढले. कल्याणला त्यांचं भांड्यांचं दुकान होतं आणि सभेला ते जन्मात गेले नव्हते. दादा दुकानात शिरला आणि म्हणाला, “तुमच्या मुलीची तक्रार चुकून माझ्याकडे आली. वर्गात फार बोलते. अभिनंदन.” पुढच्या सभेला ते गृहस्थ हजर होते. दादाला आपल्या शेजारी बसवून घेतलं म्हणे.

सानिका दहावीला असताना पुण्याहून मोठे साहेब येणार होते. नवीन बिलिंग त्यांना दादाच समजावून सांगणार होता, आणि त्यावरच विभागप्रमुखाची खुर्ची ठरणार होती. नेमकी त्याच दुपारी दहावीची शेवटची सभा. दादाने हेल्मेट उचललं तेव्हा आमचे साहेब दारापर्यंत गेले. “आज तरी नको जाऊस रे. खुर्चीचा प्रश्न आहे.”

“खुर्ची कुठे जातेय साहेब?” दादा म्हणाला आणि गेला.

खुर्ची वाशीच्या शाखेतल्या एका माणसाकडे गेली.

वहिनीला हे कसं सांगायचं, या काळजीने संध्याकाळी मी त्याच्याबरोबर विठ्ठलवाडीला गेलो. दादाने चपला काढता काढताच सांगून टाकलं. वहिनीने त्याच्या हातातलं हेल्मेट घेऊन खुंटीला लावलं. मग म्हणाली, “आणि सभेत काय झालं?”

“आभार सानिकाने मानले.”

“कुणी?”

“आपल्या. अ तुकडीतल्या.” दादा खाली बसला. “मला बोललीच नव्हती गं. बाईंनी नाव घेतलं, मला वाटलं ब मधली असेल. तर ही उठली. मध्ये अडकली. मी मान खाली घातली, म्हटलं माझ्याकडे बघून आणखी अडकायला नको. पण सगळं बोलली. शिपाईमामांचेसुद्धा आभार मानले.” वहिनीने डोळ्यांना पदर लावला आणि चहा टाकायला आत गेली. खुर्चीचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

सानिका आता ठाण्यात कॉलेजला जाते. दादाने कॉलेजात फोन करून पालकसभा कधी असते ते विचारलं होतं. पलीकडच्या माणसाने आधी मुलीचं वय विचारलं. हल्ली दादा दिवसभर आपल्या टेबलाशी असतो आणि साहेबांनाच चुकल्याचुकल्यासारखं होतं.

परवा माझ्या मुलाची सभा होती. तो दुसरीत आहे. दरवेळी बायको जाते, यंदा तिला रजा नव्हती. मी अर्ज लिहीत होतो तर दादा मागे येऊन उभा. “मी पण येऊ का रे? नुसता बसेन.”

गेलो दोघं. बाई सहलीबद्दल बोलत होत्या. दादा ऐकत नव्हता. खिडकीबाहेर पटांगणात दुसरीची मुलं रांग करत होती, रांग पुन्हा पुन्हा मोडत होती, आणि तो टक लावून बघत होता.

“केवढीशी असतात रे,” तो हळूच म्हणाला. “त्या वेळी मला मोठी वाटायची.”