सावली पाण्यावर पडली पाहिजे

माझी मावशी गेल्याची बातमी मला तिची झाडं तोडणाऱ्यांनी कळवली. सकाळी परभणीत चहाच्या टपरीवर उभी होते आणि फोनवर एक फलक आला. वर तीन पुढाऱ्यांचे हात जोडलेले मोठे फोटो, खाली कोपऱ्यात तिकिटाएवढ्या चौकटीत माझी सुमनमावशी. मधोमध लिहिलं होतं, ‘थोर वृक्षप्रेमी वाव्हळे मॅडम यांना भावपूर्ण श्रद्धांजली’. तिच्या मुलाचा, मिलिंदचा, फोन त्यानंतर आला. तो तेव्हा दवाखान्यातून तिला घेऊन घराकडे निघाला होता. मावशी घरी पोचायच्या आत नगर परिषदेच्या कारभाऱ्यांचा शोक तयार होता. ज्यांना ओढ्याकाठी येऊन तिचं म्हणणं ऐकायला कधी वेळ झाला नाही, त्यांना तिचा फोटो शोधायला वेळ झाला. त्या फोटोत ती हसते आहे आणि तिच्या मागे एक करंज आहे. तो करंज त्यांनीच गेल्या वर्षी कापला.

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. सोनपेठची एसटी धरा नाहीतर बोरीकडची, वाटेत असं एखादं गाव लागेलच. मधून वाहणारा ओढा, ओढ्याच्या पूर्वेला आमची बौद्ध वस्ती, पश्चिमेला शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्या धनगरांची गल्ली, आणि या दोन्हींना मिळून ‘खालचे’ म्हणणारं वरचं गाव. ओढा काही स्वच्छ नव्हता. पण आमच्या वस्तीजवळ त्याला एक डोह आहे, तो उन्हाळ्यातही आटत नाही. सगळा ओढा वाळला की मासे त्या डोहात येऊन थांबतात. मरळ, शिंगाळे, झिंगे आणि बोटाएवढे चंदेरी मासे, ज्यांना आम्ही पोरं ‘चमक्या’ म्हणायचो. मृगानंतर पाणी आलं की तेच मासे वर-खाली पसरतात आणि पुढे गोदावरीपर्यंत जातात. आमच्या वस्तीतल्या कितीतरी चुलींवर पावसाळाभर जे कालवण शिजतं ते याच डोहाच्या जिवावर. म्हणजे डोह मेला तर ओढा मेला, इतकं ते सरळ आहे.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. माझे वडील चळवळीत होते, घरात गोणीभर पत्रकं असायची, मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. त्यामुळे मला लहानपणापासून वाटायचं की एखादी गोष्ट जोरात लिहिली की ती अर्धी झाली. सुमनमावशी हायस्कूलला विज्ञान शिकवायची आणि तिला असं काही वाटत नव्हतं. मी कॉलेजात असताना ओढ्यावर एक जळजळीत पत्रक लिहून तिला दाखवलं. तिने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाली, “लय झकास. आता हे डोहात सोड. मासे वाचतील आन् म्हनतील, आता गार वाटायलंय.” मी रुसले. तिने मला हाताला धरून काठावर नेलं, स्वतः उकिडवी बसली, बाही सारली आणि तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं पाणी बघतात तसं कोपर पाण्यात घातलं. शाळेचा तापमापक तिच्या पिशवीत असायचा, तोही ती वापरायची. पण म्हणायची, “ह्यो आकडा सांगतो. कोपर सांगतं की मी ह्याच्यात ऱ्हायले असते का न्हाई.” पाणी तापलं की त्यात हवा कमी मुरते, आणि मग पाणी समोर असूनही मासा गुदमरतो, हे मला तिने तिथेच सांगितलं. गारवा राखायला मोठी यंत्रं लागत नाहीत, काठावर झाड लागतं. हे सातवीच्या पोरांना कळायचं. वरच्या गावाला कधी कळलं नाही.

झाडांची सुरुवात काका, म्हणजे मावशीचे यजमान, गेले तेव्हा झाली. आमच्यात माणूस गेल्यावर काही दिवसांनी जलदान विधी असतो. वंदना होते, गेलेल्याबद्दल चार शब्द बोलतात, जेवण होतं. मावशीने त्या दिवशी वंदना संपल्यावर सगळ्यांना डोहाकाठी नेलं आणि काकांच्या नावाचा करंज लावला. पुढच्या मयताला त्या घरचे आपणहून आले. मग तो वस्तीचा रिवाजच झाला. अगदी लहान रोप लावलं तर जनावरं तुडवतात, म्हणून मावशी घरामागे तेलाच्या डब्यांत रोपं आधीच वाढवून ठेवायची. म्हणजे जे अजून जिवंत आहेत त्यांच्यासाठी. म्हातारी माणसं तिच्या दारात येऊन डब्यांकडे बघत विचारायची, “मॅडम, माझं कंचं?” ती सांगायची, “तुमचं अजून बीच हाय. गोळ्या टायमावर घ्या.” एकाने तर उंच रोप निवडून त्यावर सुतळी बांधली होती. तो अजून ठणठणीत आहे आणि दर महिन्याला आपलं रोप दुसऱ्याला दिलं नाही ना, हे बघून जातो.

चूक मात्र आमची सगळ्यांची होती आणि ती आमच्याच हातून व्हायची होती. गेलेली माणसं आपली, म्हणून झाडं आपल्या काठाला, आपल्या दारात. पूर्वेचा काठ हिरवागार झाला. आणि एका वैशाखात, दुपारच्या उन्हात, मावशीने कोपर पाण्यात घालून झटक्यात बाहेर काढलं. मग वर बघितलं, मागे बघितलं आणि तिथेच बसून हसत सुटली. सूर्य पश्चिमेला कललेला, पाणी उघडं, आणि आमच्या झाडांची सगळी सावली आमच्याच पत्र्यांवर आणि अंगणांत पडलेली. माणसं त्या सावलीत बाज टाकून घोरत होती. “जलमभर पोरांना पूर्व-पश्चिम शिकविली,” ती म्हणाली, “आन् झाडं लावली माशांच्या नावानं, सावली खायलोत आपनच.” दुपारची सावली पाण्यावर पडायची असेल तर झाडं पश्चिमेला हवीत. पश्चिमेला म्हणजे धनगर गल्लीत.

हे लिहिताना सोपं वाटतं. आमच्या मेलेल्या माणसांची झाडं त्यांच्या दारात लावायची, हे विचारायला ती गेली तेव्हा मीही सोबत होते. मधल्या लहान पुलावरून आम्ही शाळेला जायचो, बाजाराला जायचो, पण त्या गल्लीत कुणाच्या ओट्यावर बसलो नव्हतो. एक म्हातारे बापू तंबाखू मळत होते. ते म्हणाले, “मॅडम, तुमची भुतं आमच्या दारात बशिवता व्हय?” मावशी शांतपणे म्हणाली, “आमच्यात भुतं होत न्हाईत, बापू. ते आमी छप्पन सालीच सोडून दिलं.” बापूंना हसू आवरेना, पण ते काही होय म्हणाले नाहीत. होय म्हणाली ती सोजरबाई. काठावरच्या शेवटच्या घरातली, चार शेळ्यांची मालकीण. ती म्हणाली, “भुतांचं जाऊ द्या. मानसं आमचीबी मरत्यात की. आमच्यांचं काय, त्यांना रोप देनार न्हाई का?” मावशी म्हणाली, “चूक झाली, बाई. सगळ्यांना देनार.”

पश्चिमेच्या काठावर, पुलाच्या बाजूला, पहिला करंज सोजरबाईच्या सासऱ्याचा लागला, दुसरा आमच्या वस्तीतल्या एका दाईचा. पुढे जो जाईल त्याचं. करंज का, तर शेळ्या त्याला सहसा तोंड लावत नाहीत. काही घरांनी शेवटपर्यंत नाकं मुरडली, ‘त्यांच्या’ झाडाला पाणी घालायला नको म्हणाली. पण झाडं वाढली, फांद्या पाण्यावर झुकल्या, आणि भर दुपारी डोहाचा पाऊण भाग काळसर गार दिसायला लागला. चमक्या पुन्हा काठाला आल्या.

मग सुशोभीकरण आलं. पश्चिमेच्या काठाला सिमेंटची भिंत, वर रंगीत फरश्यांची पायवाट, रंगीत दिवे, आणि मधोमध तोंडातून पाणी उडवणारा सिमेंटचा भला मोठा मासा. कागदावर आमची झाडं ‘अतिक्रमण’ होती. मेलेल्या माणसांनी, त्यातही खालच्या दोन वस्त्यांतल्या मेलेल्या माणसांनी केलेलं अतिक्रमण. मावशी नगर परिषदेच्या कार्यालयात गेली, पाण्याचं तापमान, सावली, श्वास, सगळं समजावून सांगितलं. तिथले साहेब हसून म्हणाले, “मॅडम, माशांना आता एसी पाहिजे का?” ती म्हणाली, “तुमच्या केबिनला आहे ना. त्यांना झाडाचा पुरे.” दुसऱ्या दिवशी मशीन आलं. निम्म्या काठावरची झाडं दुपारपर्यंत आडवी झाली. सोजरबाईच्या सासऱ्याचा करंज पहिला गेला, आणि ती मशीनसमोर उभं राहून शिव्या देत होती तेव्हा तिला हाताला धरून बाजूला केलं गेलं.

पुढच्या उन्हाळ्यात डोह तापला. भिंतीने ऊन परतवून पाण्यावरच टाकलं. एका दुपारी मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले आणि संध्याकाळपर्यंत पांढरी पोटं वर करून तरंगत होते. मरळ तग धरून राहिले, त्यांना वरची हवा घेता येते. चमक्या सगळ्या गेल्या. मावशीने आणि सोजरबाईने घमेल्यात मेलेले मासे भरले आणि दोघींनी एकेका बाजूने धरून ते घमेलं कार्यालयाच्या पायरीवर नेऊन ठेवलं. त्या वासाने आत कुणाला बसवेना. मावशी कुणालाही काही बोलली नाही. पायरीवर बसून राहिली. पहिल्यांदाच मला कळलं की पत्रक कसं असावं… त्यानंतर उरलेल्या निम्म्या भिंतीचं काम थांबलं. निधी नाही म्हणून थांबलं, असं ते सांगतात. पुढच्या भिंतीसाठी चुन्याची रेघ मात्र सोजरबाईच्या दारापर्यंत मारून ठेवली होती.

मावशीचं हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. मी डॉक्टरांशी वाद घालत नाही. मला राग आहे तो शोकसभेचा. ज्या साहेबांनी एसीचा विनोद केला होता, ते व्यासपीठावर रुमाल डोळ्यांना लावून बसले होते. कारभाऱ्यांनी भाषणात जाहीर केलं की ओढ्याकाठची पायवाट पूर्ण करून तिला मॅडमचं नाव देणार, आणि कोनशिलेला मॅडमच्या कुटुंबाने यावं. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या. खेळ काय होता हे मला तिथेच कळलं. धनगर गल्ली उरलेली झाडं तोडू देत नव्हती. पण मॅडमचा मुलगाच नारळ फोडायला उभा राहिला, तर त्यांच्याकडे बोलायला काय उरणार? तिच्या नावानेच तिची उरलेली झाडं पाडायची होती.

मिलिंद त्या रात्री मला म्हणाला, “आईचं नाव ऱ्हाईल गं. एवढी मोठी फरशी बसविनार हायत, त्यावर कोरून. न्हाई म्हनलो तर उद्या लोक ती कोन होती तेबी इसरतील.” मी त्याला दोष देत नाही. आई नुकतीच गेलेल्या माणसाला तिचं नाव दगडावर बघावंसं वाटणारच. कोनशिलेचा मजकूर तू लिही, असंही तो म्हणाला. मी म्हणाले, “लिहिते. ‘ही पायवाट इथल्या मेलेल्या माणसांची झाडं तोडून बांधली आहे.’ चालेल?” तो उठून आत गेला. दोन दिवस आमचं बोलणं नव्हतं.

जलदान विधीच्या दिवशी वंदना झाली, चार माणसं बोलली, आणि सगळे डोहाकडे निघाले. सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की काकांच्या शेजारी, पूर्वेच्या काठाला जागा आहे. मिलिंदने घरामागून डबा आणला. करंजाचा नव्हता, उंबराचा होता. मावशीने तो बाजूला वाढवला होता, कारण उंबरं पाण्यात पडली की मासे खातात. काकांच्या झाडाशी मिलिंद थांबला. उन्हाची वेळ होती. तो डोहाकडे बघत उभा राहिला, डबा छातीशी धरून, आणि मग पुलाकडे वळला. आम्ही त्याच्या मागून गेलो. सोजरबाईच्या दारात, चुन्याच्या रेघेवर बरोबर मधोमध, त्याने खड्डा घ्यायला सुरुवात केली. बापू कुदळ घेऊन आले. कारभाऱ्यांचा एक माणूस तिथे होता, तो म्हणाला, “मिलिंदभाऊ, हितनं भिंत जानार हाय.” मिलिंद माती ओढत म्हणाला, “जाऊ द्या. पन माझ्या आईवरून न्या. आन् साहेबांना सांगा, नारळ फोडायला मी येनार न्हाई.”

उंबराला शेळ्या तोंड लावतात, हे मावशीला चांगलं माहीत होतं. तरी तिने स्वतःसाठी उंबरच वाढवला, हा तिचा हट्ट. आता सोजरबाई दिवसभर दारात बाज टाकून, हातात काठी घेऊन बसते. बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलंय, पण शेळीची मान लांब असते. गेल्या रविवारी मी तिथे गेले तेव्हा नगर परिषदेचा एक माणूस पुसट झालेली रेघ पुन्हा मारत येत होता, हातात चुन्याची बादली. तो रोपाशी पोचला आणि विचारणार, हे कुणाचं, इतक्यात एका शेळीने काट्यांवरून मान घातली. सोजरबाई काठी आपटत ओरडली, “ए भवाने, मॅडमला खायलीस व्हय? हो मागं.” शेळी मागे झाली. तो माणूसही मागे झाला. त्याने एकदा रोपाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि बादली खाली ठेवली. मग बादली उचलून आल्या वाटेने परत गेला. चुन्याची रेघ रोपाच्या हातभर अलीकडे संपली आहे.