गोणपाटाची विहीर

माण तालुक्यातल्या मेंढपाळ बिरूआबांचं नाव आधी लिहितो. ते भेटले नसते तर हा प्रवास सांगायला मी उरलो असतो की नाही, शंकाच आहे.

चौथीनंतर माझी शाळा सुटली. वडिलांच्या हाताखाली विहिरींचे काठ बांधता बांधता ओळखीनं एका सिनेमा कंपनीत सेट उभारायला लागलो. या उन्हाळ्यात चित्रण माणच्या माळावर ठरलं. कोरेगावला आगगाडीतून उतरून सामानाच्या लॉरीनं पूर्वेकडे निघालो. हिरवं मागे पडत गेलं. आपल्या कोकणात दारात झाड नाही असं घर सापडायचं नाही; इथे नजर पोचेल तिथवर सावली नव्हती.

चढावर लॉरी बंद पडली. मुक्कामी निरोप द्यायला मला पायी धाडलं आणि मी वाट चुकलो. ऊन लागून बाभळीखाली बसलो तो उठवेना. आबांनी मला उचलून आपल्या वाड्यावर (मेंढरांच्या तळावर) नेलं, माडगं (हुलग्याची पेज) पाजलं, घोंगडीवर निजवलं. काळ्या कानाचं एक कोकरू माझ्या पायांना चिकटून झोपलं.

"कुठला रं तू?"

"रत्नागिरीकडचा."

"आन् हिकडं कशाला मरायला आलास, गड्या?"

"विहीर बांधायला."

आबा सावरून बसले. "म्हंजी पानी लागंल म्हनतोस?"

सिनेमातली विहीर, एवढंच सांगायचं होतं. त्यांचा चेहरा बघून माझं तोंड उघडेना.

सकाळी आबांनी मला मुक्कामाच्या वाटेला लावलं. पुढं सेट झकास झाला. बांबूचा सांगाडा, वर गोणपाट, त्यावर प्लास्टर आणि दगडाचा रंग. सांध्यांत मी शेवाळसुद्धा रंगवलं. आत गुडघाभर खड्डा. "लेका, पोहायला उतरू नकोस म्हणजे झालं," आमच्या कामावरचे मिस्त्री म्हणाले.

त्याच दुपारी आबा कळप घेऊन आले. मेंढरं धावत काठाला भिडली. आबांनी आत वाकून पाहिलं, मग बोटानं दगड वाजवला. बद्द आवाज आला.

"शेवाळ बी काढलंस की रं," ते हसले. "मेंढरांचं सोड, मी बी फसलो."

शेजारी पाण्यानं भरलेली पिंपं होती. मिस्त्रींना म्हटलं, "यातलं थोडं देऊ या?"

"आणि उद्या मोटेतून काय पाडायचं, वाळू?"

मी पुन्हा बोलणार, तोच आबांनी दंड धरला. "नगं, गड्या. तुझ्या पोटावर पाय यील. जातो आमी वड्याकडं. लांब हाय, पर डबकं असंल."

दुसऱ्या दिवशी नायिकेचं हसू नीट जमेपर्यंत ते पाणी पुन्हा पुन्हा ओतलं. मातीनं ते लगेच पिऊन टाकलं.

निघताना आबा लॉरीपाशी आले. "रातच्याला गारठशील," म्हणत घोंगडी माझ्या खांद्यावर टाकली. मागे कळप उभा होता. काळ्या कानाचं कोकरू त्यात दिसेना. विचारू की नको करेपर्यंत लॉरी सुटली.

उसनी आणलेली मोट परत करायला सांगलीला गेलो. उन्हाळ्यातही कृष्णेला पाणी होतं. सगळे घाटावर उतरले. मी ओंजळ भरली, पण ती तोंडाशी नेववेना. कंपनीत माझ्या विहिरीचं कौतुक चाललंय. कुणी ते काढलं की मी मान खाली घालतो.

आबा, एक दिवस वडिलांना आणि पहार घेऊन तुमच्या माळावर येईन. पाणी लागेपर्यंत खणीन. मग काठ बांधीन, दगडाचा. तुम्ही वाजवून बघा.