एका रेषेतली डोकी

गल्लीतल्या फोटो स्टुडिओच्या मालकांना लोक हनुवटीवाले काका म्हणत. "हनुवटी खाली, मान जरा पुढे" हे त्यांनी आयुष्यात जितक्या वेळा म्हटलं असेल, तितक्या वेळा कुणी देवाचं नावही घेतलं नसेल. पण गडी कामाला पक्का. अंगाने भरलेल्या बाईला ते खांदा तिरका करून उभं करत आणि तिच्यापुढे एखादं लेकरू सरकवत. टक्कल असलेल्या गृहस्थाला दिव्यापासून दोन हात लांब ठेवत. वर्षभर एकमेकींचं तोंड न पाहणाऱ्या जावा त्यांच्या फोटोत सख्ख्या बहिणी वाटत. "माणूस आहे तसा दिसायला लागला, तर माझ्याकडे येईल कोण?" असं ते विचारत, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

त्यांचा खरा तोरा ग्रुप फोटोचा. मागच्या रांगेतली डोकी एका रेषेत आलीच पाहिजेत. त्यासाठी स्टुडिओच्या कोपऱ्यात एक लाकडी खोका असे. बुटक्या गिऱ्हाइकाला त्यावर चढवायचं. पुढे माणसं बसली की खोका दिसतोय कुणाला!

घरच्या फोटोत मात्र तो खोका चालला नाही. काकांची मुलगी बाराव्या वर्षीच ताडमाड वाढली. तिच्याहून दोन वर्षांनी मोठा भाऊ तिच्या जेमतेम कानापर्यंत येई. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरचा फोटो काढायचा त्यांचा शिरस्ता होता. त्या वर्षी खोका पाहून पोरगा रडकुंडीला आला. "मी नाही चढणार! मी काय बुटका आहे?" बाहेर गिऱ्हाईक खोळंबलं होतं. काका मुलीला म्हणाले, "बाई गं, तूच जरा गुडघ्यात वाक." ती वाकली. कुरकुर नाही, काही नाही. रेष जुळली आणि काकांनी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. पुढच्या वर्षी तिला सांगावंही लागलं नाही.

शाळेतल्या खेळाच्या बाई बास्केटबॉलसाठी तिच्या मागे लागल्या, ती गेली नाही. लग्नातसुद्धा सपाट चपला घातल्या. चाळिशी यायच्या आत पाठ धरायला लागली, तेव्हा काकांनीच तिला चांगली गादी घ्यायचा सल्ला दिला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

डोळे साथ देईनात म्हणून यंदा काकांनी स्टुडिओ बंद करायचं ठरवलं. आवराआवर करताना त्या उन्हाळ्यापासूनचे घरचे सतरा फोटो निघाले. त्यांनी ते टेबलावर ओळीने मांडले, भिंग घेतलं आणि कौतुकाने रेष बघायला लागले. रेष अप्रतिमच होती. मग त्यांची नजर मुलीच्या डोळ्यांवर गेली. घरातले बाकी सगळे कॅमेऱ्याकडे बघत होते. ती एकटी डोळ्यांच्या कोपऱ्यातून भावाचं डोकं बघत होती. आपण पुरेसं वाकलोय ना, हे मापत होती. एका फोटोत नाही, सतराही फोटोंत. तिचे सरळ, समोर बघणारे डोळे त्यांच्याकडे कुठेच नव्हते.

काकांना स्वतःची लाज वाटली. कोपऱ्यातला खोका तेव्हाही तिथेच होता. मुलाची समजूत काढायला दहा मिनिटं लागली असती. मुलीला वाकवणं सोपं होतं, म्हणून तिला वाकवलं. एवढंच.

त्यांनी दोघांनाही बोलावून घेतलं. शेवटचा फोटो इथे काढू म्हणाले. मनात एकच होतं: मुलगी एकदा, एकदाच, ताठ उभी राहिलेली हवी.

रविवारी सगळे आले. काकू खुर्चीत बसल्या. मागे मुलगा, त्याचा पोरगा, मुलगी आणि तिची तेरा वर्षांची लेक. लेकही आईवर गेलेली, थोरल्या मामेभावाहून वीतभर उंच. काकांनी स्वतः खोका ओढत आणला आणि मुलाच्या पायाशी ठेवला. मुलगा हसला, गुपचूप चढला. आता तो बहिणीहून उंच झाला होता. तरी बहीण वाकलेलीच.

"अगं, सरळ उभी राहा," काका म्हणाले.

"सरळच आहे की."

ती खोटं बोलत नव्हती. तिच्या अंगवळणीच पडलं होतं ते. काका कॅमेऱ्यामागून बाहेर आले. तिच्यासमोर उभे राहिले. हे वरातीमागून घोडं आहे हे त्यांनाही कळत होतं, पण बोलले.

"माझं चुकलं, बाई. तुला वाकायला लावायला नको होतं मी."

काकूंनी वळून पाहिलं. मुलगा खोक्यावर अवघडला. मुलगी मात्र मनापासून हसली.

"काहीतरीच काय, बाबा! त्यात काय चुकलं? फोटो किती छान यायचे आपले."

तिने त्यांच्या सदऱ्याची कॉलर नीट केली आणि त्यांना प्रेमाने कॅमेऱ्याकडे ढकललं. रुसलेली असती तर काकांनी तिची समजूत काढली असती. ही तर हसत होती. ते कॅमेऱ्याला डोळा लावून उभे राहिले.

मुलीने रांगेवरून एक नजर फिरवली. मग लेकीच्या खांद्यावर हात ठेवून हळूच खाली दाबलं.

"तू पण जरा वाक गं. दादाच्या वर जातंय डोकं."

पोर वाकली.

"नको, तिला राहू दे तशीच," काका म्हणाले. नातीने आजोबांकडे पाहिलं, मग आईकडे, आणि आईचं ऐकलं. दोन्ही पोरांची डोकी एका रेषेत आली होती. काकांचं बोट बटणावर होतं, पण दाबवेना.

"बाबा, काढा ना पटकन," मुलगी म्हणाली, "तिचे गुडघे दुखतात. अजून सवय नाही तिला."